नडगीत कोंडलेला दाब

भातकापणी झाली की गोव्यात मोकळी शेतंच फुटबॉलची मैदानं होतात. तिथे कुणाची नडगी दुखायला लागली की निदान ठरलेलं: 'नस चढली'. मग तेलाचं मालिश होतं, कुठे दृष्टही काढतात. बहुतेकांचं दुखणं हाडाच्या आतल्या कडेला असतं आणि विश्रांतीने, धावणं हळूहळू वाढवल्याने बरं होतं.

एक दुखणं मात्र वेगळं. धावायला लागल्यावर दर वेळी साधारण तेवढ्याच मिनिटांनी नडगीच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू ताठतो, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात मुंग्या येतात, पाऊल थपथप आपटतं. थांबलं की थोड्या वेळात सगळं शांत. दवाखान्यात तपासलं तर पाय ठणठणीत, एक्स-रे स्वच्छ!

गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे आहेत. प्रत्येकाभोवती फॅशिया नावाचं चिवट आवरण असतं, जे फारसं ताणत नाही. धावताना रक्त भरून स्नायूचं आकारमान २० टक्क्यांपर्यंत वाढतं. जागा तेवढीच, म्हणून दाब चढतो. धमनीतला दाब याहून बराच जास्त, त्यामुळे घोट्याजवळची नाडी व्यवस्थित लागते. चेपतात त्या पातळ भिंतींच्या केशवाहिन्या आणि बारीक शिरा. स्नायूत रक्त शिरतं ते मुख्यतः दोन आकुंचनांच्या मधल्या सैल क्षणी. तेव्हाही दाब उतरला नाही तर स्नायू उपाशी राहतो. त्याच कप्प्यातून जाणारा मज्जातंतूही दबतो, म्हणून त्या मुंग्या.

दाब सुईने मोजतात. हे दुखणं ओळखण्यासाठी १९९० पासून रूढ असलेले आकडे असे: विश्रांतीत १५, धावल्यावर एका मिनिटाने ३०, पाच मिनिटांनी २० मिलिमीटर पारा किंवा अधिक. दुखेपर्यंत धावायलाच हवं. दुखण्याआधी थांबलेल्याचा आकडा फसवा असतो.

धावण्याची ढब बदलूनही भागलं नाही आणि खेळ सोडायचा नसेल तर फॅशिओटॉमी, म्हणजे फॅशिया कापून कप्पा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया. पायाच्या बाहेरच्या बाजूला छोटा छेद घेऊन पुढच्या आणि बाहेरच्या कप्प्याचं आवरण लांबवर उभं कापतात. घोट्याच्या वर १० ते १२ सेंटिमीटरवर एक मज्जातंतू आवरण भेदून बाहेर येतो. तो डोळ्यांनी दिसल्याशिवाय कात्री सरकवायची नाही. आवरण उघडंच ठेवायचं, टाके फक्त त्वचेला.

छेद अपुरा पडला किंवा व्रणाने आवरण पुन्हा सांधलं की दुखणं परततं. पोटरीतल्या खोल कप्प्याचे निकाल पुढच्याइतके चांगले येत नाहीत, हे खेळाडूला आधीच सांगायला हवं. व्रण आखडू नये म्हणून घोटा लगेच हलवायला लावतात. काही दिवस कुबड्या, जखम भरली की सायकल, धावणं साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, तेही आधी सपाट जमिनीवर.