परवचा, उजळणी आणि मधलं अंतर

अंतराअंतराने, म्हणजे मधे दिवस सोडत सोडत, केलेल्या उजळणीचा उगम बहुतेक जण १८८५ सालच्या एका जर्मन पुस्तकापर्यंत नेतात. त्याच्या लेखकाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून, किती दिवसांत किती विसरलं जातं हे स्वतःवरच मोजलं होतं. १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवात सहावीच्या साडेतीन हजारांवर मुलांवर, वाचलेलं पुन्हा कधी विचारलं तर टिकतं, याचा प्रयोग झाला. १९७०च्या दशकात प्रश्नांच्या चिठ्ठ्यांसाठी कप्प्यांची पेटी आली: उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या, म्हणजे उशिरा उघडायच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात.

कोकणात हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, “ह्यात नवीन ते काय? आमच्याकडे परवचा होताच की.” तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लागला की ओटीवर मांडी घालून पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, मग तिथी आणि नक्षत्रं. या सगळ्याला शब्द एकच, उजळणी. तांब्या-समया आमसुलाने घासून लख्ख करायच्या, तसं डोक्यातलं घासायचं. त्यात पाढ्यांच्या चोपड्यालाही उजळणीच म्हणतात. गोंधळाचं मूळ या शब्दात आहे.

परवचा रोजचा. दोनचा पाढा झोपेत येत असला तरी रोज, एकोणतीसचा अडत असला तरी रोज तेवढाच. अंतराच्या उजळणीत येतं ते लांबणीवर पडतं आणि अडतं ते लवकर समोर येतं. तेव्हा वेळापत्रकापुरतं पाहिलं तर परवचा हा तिचा पूर्वज नव्हे. तसं म्हणणं हा आपला नुसता अभिमान. पण चोपडं मिटून म्हणायचं आणि चुकलं की आजीने तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, हा भाग मात्र अस्सल. धड्याला पिवळा रंग फासून “उजळणी झाली” म्हणणाऱ्यांनी तेवढा तरी उचलावा. अंतराचं उदाहरणच हवं तर गणपतीतल्या आरत्या घ्या. लहानपणी पाच-सात दिवस घरोघर म्हटलेल्या, पुढची गाठ थेट वर्षाने, तरी अडत नाहीत. (मंत्रपुष्पांजलीला निम्मे ओठ नुसतेच हलतात, ते सोडा.)

आज ज्याला ‘अ‍ॅपवरची उजळणी’ म्हणतात तिचा हिशेब १९८७च्या सुमारास पोलंडमध्ये लिहिलेल्या एका संगणक प्रोग्रॅममधला. पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी, पुढे दरवेळी मागच्या अंतराला साधारण अडीचने गुणायचं: सहाचे पंधरा, पंधराचे सदतीस-अडतीस. २००६ साली आलेल्या फुकट ‘अँकी’ या अ‍ॅपने हाच हिशेब थोडा बदलून घेतला. प्रश्नोत्तरांची कार्डं एकदा फोनवर उतरली की नेट लागत नाही. पावसात टॉवर बसला तरी अभ्यास चालू. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना हे सोयीचं. खोट एकच होती. एखादं कार्ड वारंवार चुकलं की त्याचा अडीचचा गुणक घसरून १.३वर अडकायचा, आणि नंतर ते पाठ झालं तरी सारखं डोकं वर काढायचं.

२०२३च्या अखेरीस अँकीत नवा हिशेब आला. तो प्रत्येकाच्या आजवरच्या चुका पाहून अंतर ठरवतो. गणपतीत पाच दिवस फोन कोनाड्यात पडून राहिला तर कार्डांचा ढीग साचतोच, पण उशीर होऊनही जे आठवलं त्याला हा हिशेब पुढचं अंतर अधिक लांबचं देतो.