युरोपातून नागपूरला परतल्यावर शरीराला किती दिवस द्यायचे?

मे महिन्यात युरोप फिरून आलेल्या घरात पहिले चार-पाच दिवस काय चालतं ते नागपुरात आता बऱ्याच जणांनी पाहिलंय. पोरगी रात्री दोनपर्यंत टक्क जागी, सकाळी दहा वाजले तरी उठायचं नाव नाही, दुपारी ताटावर बसवलं तर भूक नाही म्हणते आणि मध्यरात्री फ्रिज उघडून उभी राहते. आजी म्हणते, "काय सवयी लावून आणल्या बापा हिला, दिवसभर काहून झोपून राहिली ही?" आणि तिच्या आईचं ऑफिस सुरू झालेलं, तिचेच डोळे मिटून राहिलेले, त्यात हे ऐकायचं. मला ही गोष्ट फार लागते, कारण यात पोरीची आणि आईची काहीच चूक नसते, शरीर आपल्या नियमाने चाललेलं असतं, आणि तो नियम घरातल्या सगळ्यांना माहीत असला तर निम्मी चिडचिड होणारच नाही.

आधी साधा हिशोब. उन्हाळ्यात फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. तिकडे साडेदहाला झोपायची सवय झाली म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे दोन, आणि तिकडचे सकाळचे सात म्हणजे इथले साडेदहा. त्यात जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या आसपास मावळतो, म्हणून तिकडे झोपायला अजूनच उशीर होतो. पोरगी दहाला उठली म्हणजे तिच्या शरीराच्या मते ती साडेसहालाच उठली.

हे शरीराचं घड्याळ खरोखरच असतं. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, साधारण २०,००० पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात त्याला. त्यातल्या पेशींमध्ये काही प्रथिनं हळूहळू साठत जातात, पुरेशी साठली की स्वतःचंच उत्पादन थांबवतात, मग तुटून कमी होतात आणि पुन्हा तयार व्हायला लागतात, आणि ही एक फेरी होते जवळपास एका दिवसात. फळमाशीवर काम करून हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसात ही फेरी सरासरी २४ तासांपेक्षा थोडी मोठी असते, दहा-बारा मिनिटांनी. म्हणून उशिरा झोपणं शरीराला सोपं जातं आणि लवकर झोपणं अवघड. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, ते चालून जातं, पण युरोपातून नागपूर म्हणजे पूर्वेकडे येणं, तेव्हा घड्याळ पुढे ओढावं लागतं आणि ते दिवसाला साधारण एक तासच सरकतं. म्हणजे साडेतीन तासांना तीन-चार दिवस. अमेरिकेतून आलात तर न्यूयॉर्कचा फरक साडेनऊ तासांचा, तिथे आठवडा आणि वर काही दिवस धरायचे, काहींचं शरीर तर पुढे यायच्या ऐवजी उलट्या बाजूने फिरून जुळतं.

आता घड्याळ सरकवायचं कसं, तर मुख्य म्हणजे उजेडाने. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशी असतात त्याशिवाय काही पेशी फक्त किती उजेड आहे एवढंच मेंदूला कळवतात, निळसर उजेड असला की जास्त जोरात. पण उजेड कधी मिळतो यावर सगळं ठरतं. आपण रोज ज्या वेळेला उठतो त्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात कमी असतं, त्या वेळेनंतर मिळालेला उजेड घड्याळ पुढे आणतो आणि त्याच्या आधी मिळालेला उजेड अजून मागे ढकलतो. पोरीचं शरीर साडेदहाला उठणारं असेल तर ही वेळ येते आठच्या आसपास. आणि आपण काय करतो, पहिल्याच दिवशी पाचला उठवून अंबाझरीला फिरायला नेतो, की एकदाची लाइनवर येईल म्हणून! तो सहाचा उजेड तिच्यासाठी नेमका उलटा पडतो. पहिल्या दिवशी साडेआठ-नऊपर्यंत खोलीत अंधार राहू द्या, मग उजेडात आणा, आणि रोज तासभर लवकर. चौथ्या दिवशी अंबाझरी करा खुशाल.

आता इथे नागपूरची अडचण येते. मे महिन्यात साडेनवाचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको, शिवाय आपली घरं उन्हाळ्यात मुद्दाम अंधारी ठेवलेली असतात, एका खिडकीत कूलर बसवलेला, वाळ्याच्या जाळ्या लावलेल्या, बाकी खिडक्यांना जाड पडदे, दुपारभर ट्यूबलाइट. उष्णतेसाठी हे एकदम बरोबर, पण अशा खोलीत शंभर ते तीनशे लक्स (उजेड मोजायचं माप) एवढाच उजेड असतो आणि बाहेर नुसत्या सावलीतही काही हजार लक्स असतो. म्हणजे दिवसभर कूलरसमोर पडून राहिलेल्या पोरीच्या मेंदूला सकाळ झाल्याचं धड कळतच नाही. उन्हात न्यायची गरज अजिबात नाही, गॅलरीत किंवा व्हरांड्यात सावलीत खुर्ची टाकून तासभर बसवा, तिथेच नाश्ता द्या. रात्री नऊनंतर मोठे लाइट बंद, मोबाईल बाजूला.

नाश्त्याचं मुद्दाम म्हणते, कारण लिव्हर आणि आतड्यांना आपली वेगळी घड्याळं असतात आणि ती जेवणाच्या वेळेने फिरतात. उंदरांना भलत्या वेळी खायला दिलं तेव्हा त्यांच्या लिव्हरचं घड्याळ जेवणाच्या वेळेला जुळलं आणि मेंदूतलं उजेडालाच धरून राहिलं. म्हणून भूक नसली तरी दुपारी एकला दोन घास वरण-भात खाऊ घाला आणि मध्यरात्री पोळी-भाजी गरम करून वाढू नका, अर्धा कप दूध बस झालं.

यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती उन्हाची. आपण नागपूरचे, आपल्याला सवय आहे, असं सगळेच म्हणतात आणि ते खरंही आहे, पण ही सवय जन्माची नसते, दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये शरीर ती नव्याने कमावतं. पहिल्या काही दिवसांत रक्तातला पातळ भाग वाढतो, मग घाम लवकर आणि जास्त यायला लागतो आणि घामातून मीठ कमी जातं. याला एक ते दोन आठवडे लागतात. थंड देशात राहिलं की आठवड्याभरात ही सवय उतरणीला लागते आणि तीन-चार आठवड्यांत बरीचशी जाते. म्हणजे पंधरा-वीस अंशांतून येऊन पंचेचाळीसमध्ये उतरलेला नागपूरकर त्या आठवड्यात पाहुण्यासारखाच असतो, आणि झोपही अर्धवट झालेली असते. अशा वेळी दुसऱ्याच दिवशी दुपारी बर्डीवर खरेदीला निघू नका, कितीही काम अडलं असो. सुरुवातीला सकाळी किंवा संध्याकाळी बाहेर पडा, मग हळूहळू वाढवा, कैरीचं पन्हं, मीठ घातलेलं ताक सुरू ठेवा. आणि कोणी उन्हातून येऊन असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजत असेल तर घाम येतोय की नाही हे पाहत बसू नका, अंगावर पाणी ओता, पंख्याखाली ठेवा आणि लगेच दवाखान्यात न्या.

मन उदास होतं तेही ऐकायला मिळतं, "काही करावंसंच वाटत नाही" म्हणतात. हॉलंडमध्ये दीड हजारावर लोकांचा अभ्यास झाला होता, २०१० मध्ये आला तो, त्यात ट्रिप करून आलेल्यांपैकी बहुतेकांचा आनंद घरीच राहिलेल्यांपेक्षा काही जास्त निघाला नाही, अगदी आरामात सुट्टी घालवलेल्यांचाच थोडा जास्त होता. म्हणून एवढे पैसे घालवले तरी मूड का नाही, असं स्वतःला टोचू नका.

घरातले आजी-आजोबा ट्रिपला गेले असतील तर मात्र सगळं दुप्पट जपा. वयानुसार तहान कमी जाणवते, त्यामुळे त्यांनी मागायची वाट न पाहता दर तासाला पाण्याचा ग्लास हातात द्यायचा. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्या चालू असतील तर उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का हे डॉक्टरांना विचारून घ्या, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ट्रिपला निघायच्या आधीच जाताना आणि येताना दोन्हीकडच्या वेळा त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या, परत येताना विमानात बसून साडेतीन तासांचा हिशोब लावायला लागू नका.