लॉगिनच्या फंक्शनने चूक कोणाला सांगायची?

जळगाव, धुळे, भुसावळकडे बीसीएच्या प्रोजेक्टचं पहिलं पान बहुधा लॉगिनचं असतं. पुढे विषय केळीच्या हिशोबाचा असो की जिनिंगच्या आवकेचा. पीएचपी या वेबपानांच्या भाषेत लिहिलेलं तपासणीचं फंक्शन (नाव-पासवर्ड पडताळणारा कोडचा तुकडा) बरेचदा 'पासवर्ड चुकीचा' असं तिथेच एको करून, म्हणजे पानावर छापून, मोकळं होतं. ही सवय जुनी आहे.

रास्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली पीएचपी खुली केली, तेव्हा ती वेबपानात मधेमधे पेरायची साधनं होती. पान छापणं हेच काम, म्हणून चूकही पानावरच छापली जाई. पुढे डेटाबेस आला आणि 'ऑर डाय' ही ओळ घरोघरी पोचली: क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) फसली की डेटाबेसचा मूळ संदेश पडद्यावर, स्क्रिप्ट जागीच ठार. टेबलांची नावं परक्याच्या हाती जात. शिवाय फंक्शनने एकदा काही छापलं, आणि आउटपुट बफर (छापलेलं रोखून धरणारी जागा) नसला, तर पुढचं हेडर (पानाआधी ब्राउझरला जाणारी सूचना) जात नाही आणि दुसऱ्या पानावर पाठवणं अडतं.

दुसरी रीत सी भाषेची. तिथे फसलेलं फंक्शन त्याला बोलावणाऱ्या कोडला उणे एक परत करतं आणि कारणाचा आकडा 'एररनो' नावाच्या जागी ठेवतं. पीएचपीने फॉल्स (म्हणजे 'नाही') परत करणं उचललं, पण लॉगिनला नुसतं फॉल्स पुरत नाही. खातं नाही, पासवर्ड चुकला, खातं बंद आहे की डेटाबेसच बसला? म्हणून यश आणि कारणाचा कोड असा अ‍ॅरे (मूल्यांचा संच) परत करावा, हे मला सर्वांत सरळ वाटतं. २००४ च्या पीएचपी ५ मध्ये ट्राय-कॅच आलं: चूक झाली की कोड एक्सेप्शन (अपवादाचा इशारा) फेकतो आणि दुसरा भाग तो पकडतो. डेटाबेस बंद पडण्यासारख्या प्रसंगाला तेच शोभतं. मायएसक्यूएलआय हा पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा भाग तर पीएचपी ८.१ पासून, म्हणजे २०२१ पासून, आपणहूनच एक्सेप्शन फेकतं.

कारण कळलं तरी ते सगळं वापरणाऱ्याला सांगायचं नसतं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नाव चुको की पासवर्ड, उत्तर एकच: 'लॉगिन इनकरेक्ट'. रावेरच्या एखाद्या पतसंस्थेत मोबाइल नंबर हेच युजरनेम असेल आणि पान 'हा नंबर नोंदलेला नाही' म्हणालं, तर एकेक नंबर टाकून सभासद कोण ते कोणीही शोधून काढेल. फंक्शनने नेमकं कारण परत करावं, ते लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) जावं, आणि पानावर 'नंबर किंवा पासवर्ड चुकीचा' एवढंच यावं. खातं सापडलं नाही तरी एखाद्या ठरावीक खोट्या हॅशवर (पासवर्डच्या साठवलेल्या सांकेतिक रूपावर) पासवर्ड_व्हेरिफाय हे पडताळणीचं फंक्शन चालवावं, नाहीतर उत्तराला लागलेल्या वेळावरूनही खातं आहे की नाही ते कळतं.