एक विंचू, दोन नावं आणि पबमेडमधला शोध

लाल विंचू चावल्यावर नुसतं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध द्यायचं, की सोबत प्रतिविषही? असा प्रश्न पडला की डॉक्टर बहुधा पबमेड उघडतात. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची वैद्यकीय लेखांची ही सूची १९९७ पासून सर्वांना मोफत आहे. तिच्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत, त्यामुळे हवा तो लेख हाती लागणं शोधशब्दांवरच ठरतं.

आधी प्रश्न फोडायचा: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, मोजायचं काय. शोधचौकटीत मात्र पहिले दोनच भाग टाकावेत. चारही कोंबले की चांगले लेख गळतात.

मग पर्यायी शब्द. या विंचवाचं शास्त्रीय नाव जुन्या लेखांत मेसोब्युथस टॅम्युलस आहे, नव्या लेखांत होटेंटोटा टॅम्युलस. एकच नाव टाकलं तर दुसऱ्या नावाखालचे लेख दिसणारच नाहीत. दोन्ही नावं ‘ऑर’ने (यांपैकी एक तरी असावं) जोडून कंसात घालायची आणि कंसाबाहेर ‘अँड प्राझोसिन’ (हेही असावंच). हा कंस फार महत्त्वाचा. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचतं, म्हणून ‘प्राझोसिन अँड मेसोब्युथस ऑर होटेंटोटा’ असं लिहिलं की होटेंटोटाचे सगळेच लेख येऊन पडतात, अगदी प्राणिशास्त्राचेसुद्धा. ‘अँड’, ‘ऑर’ इंग्रजी मोठ्या अक्षरांतच लिहावेत.

पबमेडमधल्या बहुतेक लेखांना ‘मेश’ नावाची ठरावीक विषयशीर्षकं दिलेली असतात. विंचूदंशालाही स्वतंत्र शीर्षक आहे. पण सूचीतल्या काही नोंदींना ती मिळतच नाहीत. त्यामुळे मेश शीर्षक आणि साधे शब्द दोन्ही ‘ऑर’ने जोडून शोधावं. ‘फक्त माणसांवरचे अभ्यास’ हा फिल्टरही मेशवरच चालतो. तो लावला की बिनशीर्षकाचे लेख गुपचूप गायब होतात, आणि काही गेलं हे कळतही नाही. ‘नॉट’ (हे वगळा) तर शक्यतो टाळावाच: ‘नॉट मुलं’ म्हटलं की मुलं आणि प्रौढ दोघांवर केलेला अभ्यासही जातो.

असा शोध घेतला की महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांची २०११ सालची ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातली चाचणी सापडते. रुग्ण ७०, प्रतिविषासह प्राझोसिन घेणारे सरासरी १० तासांत सावरले, नुसतं प्राझोसिन घेणारे १७.७ तासांत. सारांशावर थांबू नये. कोणत्या टप्प्यातले रुग्ण घेतले, कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना ठाऊक होतं का (इथे होतं), हे पूर्ण लेखात पाहावं. लेख मागे घेतलेला असेल तर पबमेडवर तशी ठळक सूचना असते, तीही पाहावी.

तरीही शंका उरली तर लेखावर संपर्क-लेखकाचा, म्हणजे पत्रव्यवहार पाहणाऱ्या लेखकाचा, ईमेल असतो. एकच नेमका प्रश्न विचारावा, रुग्णाचं वय, वजन, दंशानंतरचे तास द्यावेत. नाव, फोटो, केसपेपर नंबर मात्र मेलमध्ये जाता कामा नये.