विडी-सिगारेट कधी सोडली? फुप्फुसाच्या कॅन्सरच्या संदर्भात या प्रश्नाचा इतिहास

छातीच्या ओपीडीत केस पेपर लिहिताना डॉक्टर ठरलेली चौकशी करतात. विडी की सिगारेट? दिवसाला किती? किती वर्षं? सोडली असेल तर कधी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पेशंट पटकन देतो. पुढच्या दोन प्रश्नांना तो आणि त्याच्या सोबत आलेली माणसं घुटमळतात. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र मुख्यतः याच दोन उत्तरांवर ठरतो. हे नीट कळायला वैद्यकशास्त्राला अनेक दशकं लागली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा आजार दुर्मीळ होता. 1919 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे शिकणाऱ्या आल्टन ऑक्सनर यांना त्यांच्या प्राध्यापकांनी एक शवविच्छेदन पाहायला मुद्दाम बोलावलं. रुग्ण फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला होता आणि अशी केस विद्यार्थ्यांना आयुष्यात पुन्हा दिसेल की नाही, अशी शंका प्राध्यापकांना होती. पुढची केस ऑक्सनर यांनी पाहिली ती थेट 1936 मध्ये. त्यानंतर मात्र थोड्याच काळात एकामागून एक पेशंट येऊ लागले, आणि त्यातले बहुतेक जण पहिल्या महायुद्धाच्या आसपास सिगारेट ओढायला लागलेले होते. यंत्रावर बनणाऱ्या स्वस्त सिगारेटी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आल्या आणि युद्धाने त्या सैनिकांच्या हातात दिल्या. त्याचा परिणाम दिसायला मध्ये वीसएक वर्षं गेली. या आजाराबद्दलचा सगळा गोंधळ या मधल्या काळातून निघतो: ओढणाऱ्याला बरीच वर्षं काहीच होत नाही, आणि म्हणून त्याला वाटतं की आपल्याला काही होणारच नाही.

संशय नोंदवणारे 1930 च्या दशकात जर्मनीतही होते, पण भक्कम पुरावा आला तो 1950 मध्ये, अमेरिका आणि ब्रिटनमधून जवळपास एकाच वेळी. लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी वीस हॉस्पिटलांमधल्या पेशंटांच्या मुलाखती घेतल्या. डॉल यांना आधी वाटलं होतं की दोष मोटारींच्या धुराचा किंवा रस्त्यावरच्या डांबराचा असावा. आकडे वेगळंच सांगत होते. फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या 649 पुरुषांमध्ये कधीच न ओढलेले फक्त 2 निघाले. इतर आजारांच्या तेवढ्याच पुरुषांमध्ये ते 27 होते. अभ्यास चालू असतानाच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली.

अमेरिकेतला अभ्यास एर्न्स्ट विंडर आणि एव्हार्ट्स ग्रॅहम यांचा होता. ग्रॅहम यांनी 1933 मध्ये एका कॅन्सरच्या पेशंटचं अख्खं फुप्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली होती. ते स्वतः कित्येक दशकं सिगारेट ओढत होते आणि सुरुवातीला त्यांचा सिगारेटवरच्या संशयावर विश्वासही नव्हता. पुरावा हाती आल्यावर त्यांनी सवय सोडली, पण फार उशीर झाला होता. 1957 मध्ये ते फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. ज्याचं फुप्फुस त्यांनी काढलं होतं तो पेशंट त्यांच्यानंतरही जगला. सोडण्याचा फायदा होतो, पण मागची वर्षं पुसली जात नाहीत, या दोन्ही गोष्टी पुढच्या संशोधनातही सतत सोबतच येत राहिल्या.

खरा उलगडा झाला तो सोडणाऱ्यांमुळे. 1951 मध्ये डॉल आणि हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली. चाळीस हजारांहून जास्त उत्तरं आली. त्यातल्या 34,439 पुरुष डॉक्टरांचा माग पुढे पन्नास वर्षं ठेवला गेला. डॉक्टर निवडण्याचा फायदा असा झाला, की पुरावा वाचून त्यांच्यातल्या अनेकांनी पन्नास-साठच्या दशकात सिगारेट सोडली. कुणी तिशीत सोडली, कुणी साठीत, कुणी सोडलीच नाही. अशी विभागणी कुठलाही शास्त्रज्ञ ठरवून करू शकला नसता.

2000 मध्ये रिचर्ड पेटो, डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या पुरुषांसाठी हिशोब मांडला. आयुष्यभर ओढत राहिलेल्यांपैकी वयाच्या 75 पर्यंत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका सुमारे 16 टक्के. साठाव्या वर्षी सोडली तर 10 टक्के, पन्नासाव्या वर्षी 6, चाळिसाव्या वर्षी 3 आणि तिसाव्या वर्षी 2 टक्क्यांच्या आसपास. चार वर्षांनी, 2004 मध्ये डॉक्टरांच्या अभ्यासाचा पन्नास वर्षांचा अहवाल आला. ओढत राहणाऱ्याचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी होतं. साठीत सोडणाऱ्याला त्यातली तीन वर्षं परत मिळतात, तिशीत सोडणाऱ्याला जवळजवळ सगळी. तेव्हा डॉल एक्क्याण्णव वर्षांचे होते.

हे आकडे वाचताना एक चूक सर्रास होते. सोडल्यावर धोका ‘कमी होतो’ असं आपण म्हणतो, तेव्हा तुलना असते ओढत राहणाऱ्याशी. ओढणाऱ्याचा धोका वयाबरोबर भराभर चढत जातो. सोडणाऱ्याचा धोका ढोबळमानाने जिथे होता तिथेच थांबतो, आणि दर वर्षागणिक दोघांतलं अंतर वाढत जातं. कधीच न ओढलेल्या माणसाच्या पातळीला तो पूर्ण येत नाही. म्हणूनच ‘इतकी वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग?’ हे म्हणणं चुकीचं आहे. सगळ्यात वाईट चढण तर पुढेच असते.

दुसरी गोष्ट वर्षांची. पेटो यांनी दाखवून दिलं की रोजची संख्या तिप्पट झाली तर धोका साधारण तिप्पट होतो, पण पंधराऐवजी पंचेचाळीस वर्षं ओढली तर तो शंभरपटीच्या घरात जाऊ शकतो. घरोघरी ऐकू येतं, ‘आता खूप कमी केलीय, दिवसाला चारच.’ कमी करणं ही सोडण्याची पायरी असेल तर उत्तम. तिथेच थांबलं तर वर्षं मोजली जातच राहतात. डॉक्टर वापरतात ते ‘पॅक-इयर’ हे मापही (रोजची पाकिटं गुणिले वर्षं, एका पाकिटात वीस सिगारेटी) इथे थोडं फसवं आहे. रोज दहा सिगारेटी चाळीस वर्षं आणि रोज चाळीस सिगारेटी दहा वर्षं, दोन्हींचं उत्तर 20 पॅक-इयरच येतं. धोका सारखा नसतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण, विडीची. विडीला पाकिटाचा हिशोब लागू पडत नाही, म्हणून इथले छातीचे डॉक्टर ‘स्मोकिंग इंडेक्स’ काढतात: दिवसाच्या विड्या गुणिले वर्षं. रोज वीस विड्या आणि तीस वर्षं म्हणजे 600. तीनशेच्या वर गेलं की जड धूम्रपान. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे ती सौम्य असावी असा समज घट्ट आहे. पण तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, विडी विझू नये म्हणून झुरके जोरात आणि वारंवार घ्यावे लागतात. मुंबईत 1991 पासून मतदार याद्यांवरून निवडलेल्या सुमारे दीड लाख लोकांचा माग ठेवला गेला. त्यात न ओढणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्यूचा धोका 1.37 पट आणि विडी ओढणाऱ्यांचा 1.64 पट निघाला. हा धोका सगळ्या कारणांचा मिळून आहे, पण विडी निरुपद्रवी असल्याचा दावा त्यापुढे टिकत नाही.

सोडल्यावर शरीरात काय घडतं, याचं उत्तर अगदी अलीकडचं आहे. रोज एक पाकीट वर्षभर ओढलं तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी 150 नवे जनुकीय बदल होतात, असा अंदाज 2016 मध्ये मांडला गेला. 2020 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी श्वासनलिकेच्या पेशी एकेक करून तपासल्या. सोडलेल्या लोकांमध्ये 20 ते 40 टक्के पेशी जवळजवळ न ओढणाऱ्याच्या पेशींसारख्या निघाल्या. ओढत असलेल्यांपेक्षा चौपट. खराब झालेल्या पेशी दुरुस्त झाल्या नव्हत्या. आधीपासून वाचलेल्या चांगल्या पेशींनी वाढून त्यांची जागा घेतलेली असावी, असं संशोधकांचं मत आहे. अभ्यास लहान होता, पण साठीत सोडलेल्यालाही फायदा का होतो, हे त्यातून समजतं.

मागच्या वर्षांचं ओझं राहतंच, हे तपासणीच्या नियमांतूनही दिसतं. अमेरिकेत 2011 मध्ये सिद्ध झालं की जड धूम्रपान केलेल्यांचं कमी मात्रेचं सीटी स्कॅन दरवर्षी केल्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटतात. तपासणीसाठी अट होती की सोडून पंधरा वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत. पुढे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांच्या दीर्घ अभ्यासात दिसलं की पूर्वी भरपूर ओढणाऱ्यांमधले दर दहातले चार कॅन्सर सोडून पंधरा वर्षं उलटल्यावर झाले होते. 2023 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ती अट काढून टाकली.

भारतात अशी सरसकट तपासणी नाही, आणि जुन्या टीबीचे डाग स्कॅनमध्ये गोंधळ घालतात म्हणून ती जशीच्या तशी आणणंही सोपं नाही. शिवाय मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पाहिलेल्या एका गटात निम्म्याहून किंचित जास्त पेशंट कधीच न ओढलेले होते, त्यामुळे केवळ धूम्रपानावर आधारलेली चाळणी इथे अनेकांना बाहेर ठेवेल. ओढणाऱ्यांसाठी हाताशी आहे तो सोडण्याचाच उपाय. सरकारची मोफत हेल्पलाइन 1800-11-2356 ही 2018 पासून पाकिटांवरच छापलेली असते, आणि सोडल्यानंतर तलफ आली तरी तिथे पुन्हा फोन करता येतो.