गोळी कुठवर सोडावी: शिकारीतल्या पल्ल्याची पार्श्वभूमी

पेठ-सुरगाण्याच्या बाजूला सागा-ऐनाच्या दाटीत पन्नास पावलांवरचं भेकर दिसायची मारामार. तेच येवल्याकडे, ममदापूरच्या माळावर, काळविटांचा कळप फार लांबून नजरेला पडतो आणि आपणही त्याला तेवढ्याच लांबून दिसतो. एकाच नाशिक जिल्ह्यातली ही दोन रानं. एकच रायफल एकाच माणसाच्या हातात दिली, तरी या दोन ठिकाणी तिचा कामाचा पल्ला सारखा राहणार नाही.

ममदापूर आज काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेने शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद केली. हे योग्यच झालं. पण पीकसंरक्षणाचा परवाना असलेला शेतकरी, रेंजवर घाम गाळणारी नेमबाज मुलं, शिकार कायदेशीर असलेल्या देशांत स्थायिक झालेले आपले नातलग, या सगळ्यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो: ही रायफल किती लांब मारते? तो प्रश्न कुठून आला आणि तो अपुरा का आहे, हे बंदुकीच्या इतिहासात नीट दिसतं.

जळत्या वातीने बार काढणाऱ्या तोडेदार आणि नंतरच्या ठासणीच्या बंदुकीच्या काळात हा प्रश्न पडतच नसे. नळी आतून गुळगुळीत, गोळी नळीपेक्षा थोडी बारीक. ती आत ठेचकाळत बाहेर पडे आणि कुठल्या बाजूला झुकेल याचा भरवसा नसे. ब्रिटिश कर्नल जॉर्ज हँगरने १८१४ साली लिहून ठेवलं की शिपायाची साधी बंदूक ऐंशी, फार तर शंभर यार्डांवरच्या (यार्ड म्हणजे तीन फूट) माणसाला लागेल. दोनशे यार्डांवर नेम धरणं म्हणजे चंद्रावर बार काढण्यासारखं. त्या काळी मर्यादा बंदूकच घालून देत असे. जवळ जा, नाहीतर घरी जा.

नळीला आतून पीळ देण्याची युक्ती जुनीच. पण अशी बंदूक ठासायला वेळ फार लागे, म्हणून ती थोड्या लोकांपुरती राहिली. १८४९ च्या मिनिए गोळीने ती अडचण सोडवली: गोळी सैलपणे आत जाई आणि बार होताना तिचा बुडखा फुगून पिळात घट्ट बसे. त्याच तत्त्वावरची १८५३ ची एनफील्ड रायफल हिंदुस्थानात आली. तिच्या काडतुसांवरून १८५७ साली काय घडलं हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ती किती लांब मारायची, हे मात्र क्वचित कोणी सांगतं. तिच्या मागच्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या खाचेच्या पट्टीवर, शेकडो यार्डांच्या खुणा होत्या. गोळी जड आणि धिमी असल्याने ती कमानीसारखी वर जाऊन खाली येई. अंतराचा अंदाज थोडा चुकला, की गोळी जनावराच्या पाठीवरून निघून जायची किंवा पायांपुढच्या मातीत रुतायची.

शिकाऱ्यांना नेमका हाच त्रास होता. १८५६ मध्ये लंडनच्या जेम्स पर्डीने हलकी गोळी आणि जास्त दारू घालून वेगवान रायफल काढली आणि तिला एक्स्प्रेस रेल्वेगाडीचं नाव जोडलं. ‘एक्स्प्रेस’ रायफल हा शब्द तिथून रुळला. तिच्या माशीची एक पट्टी शंभर यार्डांसाठी कायम उभी असे, पुढच्या अंतरांच्या पट्ट्या दुमडलेल्या. ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. नेहमीचं काम कुठवर आहे, हे रायफल घडवणाऱ्यानेच धातूत कोरून ठेवलं होतं.

पुढे १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने बिनधुराची दारू केली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोकदार गोळ्या आल्या. ब्रिटिश लष्कराच्या .३०३ इंची काडतुसाची टोकदार ‘मार्क सात’ गोळी १९१० ची. वेग वाढला, कमान सपाट झाली आणि पल्ला एकदम दूर गेला. ते काडतूस वापरणाऱ्या त्या काळच्या ली-एनफील्ड रायफलीवर लांबच्या माऱ्यासाठी एक वेगळी माशी बसवलेली असे. तिच्यावर २,८०० यार्डांपर्यंत आकडे होते. गैरसमजाचं मूळ मला इथे दिसतं. तो आकडा पलटणीने मिळून शत्रूच्या जमावावर मारा करण्यासाठी होता. त्यात शंभर गोळ्यांतली एखादी लागली तरी हेतू साधे. शिकारीत जमाव नसतो. एक जनावर असतं आणि त्याच्या खांद्यामागे काळीज-फुप्फुसाची वीतभर जागा असते. बाकी कुठेही लागली तर ते जनावर पोट फुटून, पाय मोडून तासन् तास, कधी दिवसभर झुडपात तडफडतं.

आपल्याकडच्या बहुतेक परवानाधारकांच्या हाती .३०३ कधी आलीच नाही. लष्करी काडतूस म्हणून ती सामान्य नागरिकांना बंद होती. त्यामुळे सरकारी ऑर्डनन्स कारखान्यांची .३१५ रायफल चालली: जड गोळी, बेताचा वेग, उघडी माशी. माचाणावर बसून किंवा हाक्यात उठलेल्या जनावरावर बार टाकायला ती पुरे. तिथे अंतरच मुळी थोडं. माळावर मात्र ती रायफल आणि तिचा धनी दोघांचीही परीक्षा होई.

आता तीनशे यार्डांवर काय होतं ते बघू. .३०-०६ ही जगभर चालणारी शिकारी रायफल घ्या. १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण २,७०० फूट वेगाने निघते. दुर्बीण दोनशे यार्डांवर जुळवलेली असेल, म्हणजे तिथे गोळी नेमक्या जागी लागत असेल, तर तीनशेवर गोळी वीतभर खाली लागते आणि चारशेवर जवळपास दोन फूट. म्हणजे चारशेवरचं जनावर तीनशेवर आहे असं समजून नेम धरला, तर गोळी त्या वीतभर जागेच्या खालून जाते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा, माळावर सकाळी दहानंतर असतो तसला, चारशेवर गोळीला फूटभर बाजूला ढकलतो. आणि तिथे पोचायला तिला सुमारे अर्धा सेकंद लागतो. चरत्या काळविटाला एक पाऊल टाकायला तेवढा वेळ भरपूर झाला. शिवाय मऊ टोकाची शिकारी गोळी आत फुलावी लागते. वेग फार उतरला की ती न फुलता आरपार जाते आणि जखमी जनावर लांब पळतं.

देवळालीच्या तोफखान्यातही वारा, तापमान, अंतर यांचा हिशेब करूनच मारा होतो. पण तिथे पहिला गोळा कुठे पडला हे पाहून दुसरा दुरुस्त करतात. जिवंत जनावरावर पहिली गोळी चुकीच्या जागी बसली, तर ती दुरुस्त होत नाही.

१९९० च्या दशकात लेझरने अंतर मोजणारी यंत्रं सामान्य शिकाऱ्याच्या खिशात आली. पाठोपाठ घुंड्या फिरवून जुळवायच्या दुर्बिणी आल्या, मग मोबाइलवरचं गणित. अमेरिकेत सहाशे, हजार यार्डांवरून जनावर पाडल्याच्या फुशारक्या सुरू झाल्या. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये उभ्या केलेल्या ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ या शिकाऱ्यांच्या संघटनेने या लांबपल्ल्याच्या नेमबाजीवर उघड नापसंती दाखवली आहे. त्यांचा मुद्दा असा की जनावराला वास, आवाज, हालचाल यांतून सावध होण्याची संधीच उरत नाही. मला तो पटतो. यंत्र अंतर अचूक सांगतं, पण दरीच्या मधोमध वारा उलटा वाहतोय का, धापा टाकणाऱ्या माणसाच्या छातीबरोबर दुर्बीण किती हलतेय, हे ते सांगत नाही.

नॉर्वे आणि फिनलंडची पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकारीआधी दर वर्षी चाचणी द्यावी लागते: शंभर मीटरवर पाच गोळ्या, पाचही ठरलेल्या वर्तुळात. फिनलंडमध्ये ७५ मीटरवर चार गोळ्या २३ सेंटिमीटरच्या वर्तुळात. रायफल चारशे मीटर मारते हे त्या सरकारांनाही ठाऊक आहे. तरी माणसाला ते शंभरापर्यंतच जोखतात.

आपला पल्ला काढण्याची रीत यातूनच येते. वीतभर व्यासाचा कागद लावायचा आणि वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून नाही, तर रानात जसं बसावं-उभं राहावं लागतं तसं राहून गोळ्या सोडायच्या. सगळ्या गोळ्या कागदात बसतात तोवरचं अंतर आपलं. एक जरी बाहेर गेली की मागे यायचं. उभ्याने, गुडघ्यावर आणि पालथं पडून असे तीन वेगळे आकडे निघतात. नाशिकच्या नेमबाज मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. ५० मीटरच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत उभ्याने गुण किती घसरतात ते त्यांना पाठ असतं. धाप लागलेली असताना, अंधुक उजेडात, कुडकुडत्या हातांनी यातला प्रत्येक आकडा आणखी आखडतो.

बिबट्या वस्तीत शिरला की नाशिकमध्ये हाच हिशेब वेगळ्या बंदुकीने होतो. भुलीची सुई सोडणाऱ्या बंदुकीत गॅसचा दाब अंतरावर ठरतो. दाब जास्त आणि बिबट्या जवळ असेल, तर सुई खोल घुसते, हाडही मोडू शकतं. दाब कमी पडला तर ती आधीच गळून पडते. कामाचं अंतर काही दहा-वीस-तीस मीटर, आणि सुई लागल्यावरही औषध चढायला काही मिनिटं जातात. तेवढ्यात बिबट्या पळत सुटतो. म्हणून पशुवैद्यक अंतर मोजल्याशिवाय आणि जनावर स्थिर झाल्याशिवाय चाप ओढत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी मोबाइल उंचावून बघे उभे असले की बिबट्या स्थिर होत नाही आणि पथकालाही जवळ जाता येत नाही. पोलीस आधी गर्दी हटवतात ते यासाठी.