डायनासोर मेले त्यात आपल्या सह्याद्रीचा हात किती?

डायनासोर कसे संपले असं कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, वरून मोठा दगड पडला आणि खेळ खल्लास. ते चूक नाहीये. पण ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो दगड पडला तेव्हा आपल्या इथे, म्हणजे आत्ताच्या महाराष्ट्रात, जमीन फाटून लाव्हा वाहत होता, आणि तोही एखाद-दोन वर्षं नाही तर थांबत थांबत लाखो वर्षं. त्यामुळे जिऑलॉजिस्ट मंडळींची गेली चाळीसेक वर्षं जुंपलीय की नक्की मारलं कोणी, मेक्सिकोत पडलेल्या दगडाने की डेक्कन ट्रॅपने. डेक्कन ट्रॅप म्हणजे आपला काळा कातळ हो, ज्यात वेरूळची लेणी कोरलीत आणि ज्याच्यावर रायगड उभा आहे तोच.

आधी दगडाचं बघू. इटलीत गुब्बिओ गावाजवळ वॉल्टर अल्वारेझ हा जिऑलॉजिस्ट चुनखडीचे थर तपासत होता, तिथे दोन थरांच्या मधे जेमतेम एक-दोन सेंटीमीटर जाडीची मातीची पट्टी आहे. पट्टीच्या खालच्या दगडात समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचं खच्चून भरलेली आणि वर बघावं तर जवळपास सगळी गायब. आता एवढीशी माती साचायला वर्षं किती लागली असतील? वॉल्टरचे वडील लुईस अल्वारेझ, फिजिक्सचं १९६८ चं नोबेल मिळालेले, त्यांनी डोकं लढवलं की अंतराळातून बारीक धूळ सतत पडत असते, तिच्यात इरिडियम नावाचा धातू असतो जो पृथ्वीच्या वरच्या थरात फारच कमी सापडतो, तर तो मोजला की काळाचा अंदाज येईल. म्हणजे त्यांना दगडबिगड काही शोधायचा नव्हता, फक्त घड्याळ हवं होतं. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल या केमिस्ट जोडीने मोजलं तर इरिडियम नेहमीच्या तीसपट निघालं, डेन्मार्कच्या तशाच थरात तर १६०पट! एवढं इरिडियम साध्या धुळीतून येणं शक्यच नाही, मग १९८० साली त्यांनी पेपर काढला की साधारण १० किलोमीटरचा अ‍ॅस्टेरॉइड, म्हणजे अंतराळातला दगड, आदळला असणार.

लोक म्हणाले, ठीक आहे, मग खड्डा दाखवा. गंमत अशी की खड्डा आधीच सापडलेला होता. मेक्सिकोच्या युकातानमधे तेल शोधणाऱ्या पेनफील्ड आणि कामार्गो या दोघांना जमिनीखाली प्रचंड मोठी गोल रचना दिसली होती, १९८१ मधे त्यांनी एका कॉन्फरन्समधे सांगितलं पण कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी १९९१ मधे चिक्शुलूब हे या खड्ड्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. रुंदी साधारण १८० किलोमीटर. आपलं लोणार १.८ किलोमीटरचं आहे, म्हणजे बरोबर शंभरपट काढा. (लोणारमुळे डायनासोर मेले असं सांगणारे अजून भेटतात, त्यांच्यासाठी: लोणारचा खड्डा त्या काळ्या कातळातच पडलाय, म्हणजे कातळ आधी, खड्डा फार नंतर.)

बरं, दगड पडला मेक्सिकोत, मग अख्ख्या जगातले डायनासोर का मरावेत? तर तिथल्या जमिनीत जिप्सम भरपूर होतं, त्यातलं सल्फर हवेत वर गेलं, जोडीला काजळी आणि धूळ, सूर्यप्रकाश अडला, झाडांचं अन्न बनवणं थांबलं, मग झाडं खाणारे गेले आणि त्यांना खाणारेही गेले. अमेरिकेत नॉर्थ डकोटामधे टॅनिस नावाची साइट आहे, तिथल्या माशांच्या कल्ल्यांमधे त्या धडकेतून उडालेल्या काचेच्या बारीक गोळ्या अडकलेल्या मिळाल्यात, आणि माशांच्या हाडांवरच्या वाढीच्या रेषा बघून २०२२ मधे सांगितलं गेलं की तेव्हा तिकडे वसंत ऋतू होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या घटनेचा सीझन सांगायचा म्हणजे कमाल आहे.

आता आपला कातळ. आज उरलाय तोच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर, पश्चिम घाटाकडे जाडी दोन किलोमीटरच्या वर, काही लाव्हा तर पार आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचलेला. चित्रातल्यासारखा टोकदार ज्वालामुखी नाही, जमिनीला लांबच लांब भेगा पडून बाहेर आलेला. त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर किती आलं असेल विचार करा. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जिऑलॉजिस्ट गेर्टा केलर तर वर्षानुवर्षं ठामपणे सांगतायत की खरं कारण हेच.

सगळं अडतं ते टायमिंगवर. घाटातून जाताना काळ्या कातळात मधूनच गेरूसारखी लाल पट्टी दिसते ना, ती म्हणजे दोन लाव्हांच्या मधला सुट्टीचा काळ, वरचा भाग कुजून माती झालेला. प्रिन्स्टनच्या टीमने असल्या पट्ट्यांमधले झिरकॉनचे बारीक स्फटिक काढले, त्यातलं युरेनियम ठराविक वेगाने शिसं होत जातं म्हणून वय काढता येतं. अमेरिकेतल्याच बर्कले विद्यापीठाच्या टीमने लाव्हातल्याच खनिजांमधला आर्गॉन मोजला. दोघांचे पेपर २०१९ मधे एकाच वेळी आले आणि उत्तरं वेगळी! प्रिन्स्टन म्हणतं लाव्हाचे चार मोठे झटके आले, त्यातला एक दगड पडायच्या जरा आधी. बर्कले म्हणतं साधारण तीन चतुर्थांश लाव्हा नंतरच आला. म्हणजे पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना आपण डायनासोरचा शेवट नक्की कुठल्या वळणावर ओलांडतो यावर भांडण आहे, पण महाबळेश्वरचा माथा त्यांच्यानंतरचा यावर दोघंही सहमत.

मला विचाराल तर मी दगडाच्या बाजूने. एक म्हणजे कच्छमधे अंजारला दोन लाव्हांच्या मधल्या थरात डायनासोरची हाडं आणि अंड्यांची कवचं मिळालीत, म्हणजे लाव्हा थांबला की ही मंडळी परत येऊन अंडी घालत होती. दुसरं, समुद्रातल्या गाळावरून २०२० मधे दिसलं की डेक्कनमुळे तापमान साधारण दोन डिग्री वाढलं होतं खरं, पण डायनासोर मरायच्या आधी ते परत खालीही आलं होतं. आणि त्याच वर्षी क्लायमेट मॉडेल चालवणाऱ्यांनी तर वेगळंच काढलं, की दगडामुळे गारठलेली पृथ्वी परत गरम व्हायला आपल्या लाव्हातल्या कार्बन डायऑक्साइडची मदतच झाली असेल.